अक्काला विचारलेली खूण

रायगोंडा पाटलांचा सगळा जन्म सांगलीच्या एका वाचनालयात पुस्तकं देण्या-घेण्यात गेला. माणसांशी बोलायचं म्हटलं की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. यंदाच्या भाऊबीजेला मात्र त्यांनी धाडस केलं. उंब्रजला दिलेल्या थोरल्या बहिणीसाठी, कस्तुरीअक्कासाठी, मोबाइलवरून कानाचं मशीन मागवलं. पत्ता अक्काचा घातला, फोन नंबर स्वतःचा.

भाऊबीजेच्या आदल्या दुपारी फोन वाजला.

“आजोबा, उंब्रजवरनं तानाजी बोलतोय. पार्सल घेऊन आजींच्या दारात उभा हाय. तुमच्या फोनवर सहा आकडी नंबर आलाय, तेवढा सांगा.”

रायगोंडा सावध झाले. आठच दिवसांपूर्वी ज्येष्ठ नागरिक संघात बँकेच्या साहेबांनी बजावलं होतं, असा नंबर मागणारा चोरच समजायचा.

“नाही सांगणार.”

“आवं, चोर असतो तर पार्सल घेऊन दारात कशाला आलो असतो? नंबर घातल्याबिगर मला ते देता येत न्हाई. थांबा, आजींशीच बोला. त्यास्नी ऐकू येत न्हाई, स्पीकर लावतो.”

“रायगोंडा, मी अक्का! सांग की रं त्याला!”

आवाज तर अक्काचाच वाटत होता. पण साहेब असंही म्हणाले होते, की हल्ली चोर आवाजसुद्धा हुबेहूब काढतात.

“अक्काच असाल तर खूण सांगा,” रायगोंडा ओरडले. “फक्त तिला आणि मला ठाऊक असलेली!”

पलीकडे कुणीच बोलेना. मागच्या भांड्यांचा आवाज तेवढा ऐकू आला.

“बघा! चोर आहात सगळे!” असं म्हणून त्यांनी फोन बंद केला आणि कधी नव्हे ते स्वतःवर खूश होऊन चहाचं आधण ठेवलं.

संध्याकाळी अक्काच्या सुनेचा, चंदनाचा फोन आला. तिचा नंबर ओळखीचा होता.

“मामा, आई जेवल्या न्हाईत. दिवस मावळल्यावर त्या जैन रीतीनं काही खात न्हाईत, आता सकाळपर्यंत उपाशीच. तानाजी उद्या अकराला परत येतो म्हणालाय, शेवटची खेप. पण मामा, एवढी कसली खूण विचारलीत? आई म्हणतात, चारचौघांत सांगण्यासारखी न्हवती.”

रायगोंडांना आत्ता कळलं. तशी खूण एकच होती, पासष्ट वर्षांपूर्वीची. स्पीकर चालू होता, सून जवळ होती, परका माणूस दारात होता. अक्का त्यांची अब्रू झाकत गप्प बसली होती, आणि त्यांनी तिला चोर म्हटलं होतं.

नंबर फोनवर सांगता आला असता. पण बाकीचं फोनवर सांगायचं नव्हतं. सकाळी त्यांनी एसटी धरली. कराड येईपर्यंत मनात वाक्यं जुळवली आणि खोडली. उंब्रजच्या थांब्यावर उतरल्यावर तर वाटलं, समोरून येणाऱ्या गाडीनं परत फिरावं.

अक्का ओट्यावर बसली होती. तानाजी नुकताच गाडी लावत होता.

“अक्का, चुकलो,” ते पुटपुटले.

“काय? मोठ्यानं बोल.”

“चुकलो!”

अक्कानं तोंड फिरवलं. “तू कोण? खूण सांग.”

रायगोंडांनी एकदा तानाजीकडे, एकदा दारातल्या चंदनाकडे पाहिलं. मग डोळे मिटून ते बेंबीच्या देठापासून ओरडले, “चौथीत असताना शाळेच्या कपाटातलं पुस्तक मी चोरलं! तू स्वतःवर घेतलंस! गुरुजींनी तुझे हात सुजवले आणि मी दाराआड उभा राहून बघत होतो!”

समोरच्या घराची खिडकी उघडली.

“गप रं, येड्या!” अक्का धडपडत उठली. “जन्मभर झाकलं, ते गल्लीला कशाला सांगतोस?” पदरानं तिनं आधी त्यांचे डोळे पुसले, मग स्वतःचे.

तानाजी खाकरला. “आजोबा, आता नंबर सांगताय, का माजीबी खूण पायजे?”

रायगोंडांनी फोन काढला आणि आवाज खाली आणायचं विसरून, सहाच्या सहा आकडे गल्लीभर ऐकू जातील असे वाचून दाखवले.