हौदातलं कासव

भावनाला रीतभात म्हणून नाही, हे चतुराबाईनं त्या दिवशी पक्कं केलं. लेकरू दवाखान्यातून घरी आलं की बाई आधी देवापुढं दिवा लावते. या सुनेनं प्रेमला नवऱ्याच्या कडेवर दिलं, पदर खोचला आणि अंगणातल्या हौदाचा बोळा ओढला. सासूला विचारलंसुद्धा नाही.

"पाण्याबिगर मारतीस का त्या कासवाला?"

"मरत न्हाई, आत्याबाई. घमेल्यात पाणी ठिवलंय."

चतुराबाईच्या लेकानं, कल्याणनं, ते कासव पूर्णा नदीतून आणलं होतं. विहिरीत कासव सोडलं की पाणी निवळ राहतं, हे चतुराबाई माहेरापासून बघत आलेली. विहीर बुजली, जाफराबादच्या घराला नळ आला, तसं कासव हौदात आलं. त्या पाण्यावर तिचा एवढा भरवसा, की वर्षाच्या नातवाची वाटी ती तिथंच विसळायची.

मग प्रेमला जुलाब लागले, ताप चढला, रक्त पडलं. जालन्याला न्यावं लागलं. एवढ्याशा हातात सलाइनची सुई बघून चतुराबाई बाहेर पायरीवर जाऊन बसली होती.

"डॉक्टरनं इचारलं, घरात कासव हाय का," हौद घासत भावना म्हणाली. "त्याच्या पोटात जंतू असत्यात. त्याला काय व्हत न्हाई, पण घाणीवाटे ते पाण्यात उतरत्यात. लहान लेकराला सोसत न्हाई."

"पाणी तर आरशावानी व्हतं," चतुराबाईनं घमेल्यातल्या कासवाच्या पाठीवर हात ठेवला.

"मंग ते पाणी याच्या पोटात गेलं कसं?" कल्याणनं विचारलं.

चतुराबाईनं सुनेकडं बघितलं. वाटी विसळताना सुनेनं तिला कितीदा पाहिलं होतं.

भावनानं मान वर केली नाही. "हौदापाशीच खेळतंय की. हात गेला असंल तोंडात."

तेवढ्यात प्रेमनं आजीकडं झेप घेतली. चतुराबाईनं हात पुढं केले, मग तसेच मागं घेतले.

"भावना, तुला रीत न्हाई. मला न इचारता हौद उपसलास, ते मी इसरणार न्हाई. कासवाला आजच नदीत सोडून या, मुक्या जीवाचा काय दोष. अन् आत्ता तू माझं झाकलंस, ते बी मी इसरणार न्हाई. साबण आण. हातावर पाणी वत, मंग लेकरू दे माझं."