ज्याच्यावर नजर, त्याचा फोटो मोठा

मालेगावात फ्लेक्स छापायचं दुकान माहं. मी अनिसा. माणसं ओयखाले मी फ्लेक्सवरच शिकली.

गेल्या महिन्यात नवं मशीन घेतलं. स्क्रीनवर ज्या फोटोकडं पाह्यलं तो धरल्या जाते. मंग डाव्या हाताची दोन बोटं स्क्रीनवर कुठंबी फाकवा, तो मोठा. उजव्या हातातल्या पेनानं रेघ मारा, तो गायब. फक्त नजर पाह्यजे.

काल दौलतराव आले. जिल्हा परिषदेची जागा बायाइले राखीव निघाली, म्हणून उभं राह्यचं बेबीवहिनीनं, त्याइच्या बायकोनं. चार वाजता पक्षाचे साहेब येणार, चौकातले फ्लेक्स पाहूनच तिकीट ठरवणार, अशी बोंब होती. वहिनी मांगं बाकावर बसल्या. बाईनं एकवीस वर्सं बचत गट चालवला, हँडपंपासाठी तहसीलवर मोर्चा नेला. तिकीट तिलेच भेटाले पाह्यजे होतं, पण साहेबाले तिचं तोंड तं दिसू द्या!

फ्लेक्सवर मजकूर, ‘भावी सदस्य सौ. बेबीबाई’. खाली नवरा-बायको दोघाइचे फोटो.

"सरक, मी करतो," म्हणत दौलतराव माह्या खुर्चीत बसले. "हिचा मोठा करतो."

करा बापा! बोटं फाकवली, तं मोठे झाले स्वतःच. पुन्हा फाकवली. मिशा फ्लेक्सभर झाल्या अन् वहिनी कोपऱ्यात एवढुशा. तिकीट भेटलं बाईले, पण पोस्टाचं.

"मशीन बिघडेल हाये तुहं!"

"मशीन बरोबर हाये, दौलतभाऊ. वहिनीकडं पाहा."

"पाहूनच तं राह्यलो!"

काय पाहून राह्यले, कप्पाळ! तोंडानं हिचा, हिचा, अन् नजर आपल्याच मिशीवर. बायकोच्या फोटोवर दोन सेकंद टिकेना. माह्या अंगाचा तिळपापड झाला.

तीन वाजले. "जाऊ दे, असाच छाप," दौलतराव म्हणाले. "साहेबाले समजते. हिले काय, सही तं कराची हाये."

वहिनी बाकावरून उठल्या. "उठा," म्हणाल्या. आवाज एवढा थंड की भाऊ खरंच उठले.

वहिनी खुर्चीत बसल्या, पेन घेतला. "अनिसा, ज्याच्याकडं पाह्यलं तोच धरल्या जाते ना?"

"हो, वहिनी."

वहिनीनं नवऱ्याच्या फोटोकडं डोये भरून पाह्यलं. अन् पेनानं एकच रेघ मारली. मंग स्वतःकडं पाहून बोटं फाकवली, पार काठापावतर.

"छाप आता," त्या म्हणाल्या. "अन् खाली शुभेच्छुकात याइचं नाव टाक. बारीक."