भिंगरीच्या कानामागे

मित्रांनो, मी कानामागे बसणारं एक जुनं यंत्र आहे. आकाराने टपोऱ्या शेंगदाण्याएवढा. रंग मूळचा फिका गुलाबी, आता कुठला ते विचारू नका. पोटात एक इवलीशी बॅटरी, डोक्यातून निघालेली पारदर्शक नळी आणि नळीच्या टोकाला कानात बसणारा साचा, एवढाच माझा संसार. सगळे मला 'मशीन' म्हणतात. शिवायचं तेही मशीन, कपडे धुवायचं तेही मशीन आणि मीही मशीन! मला हे मुळीच आवडत नाही, पण माझी आवड विचारतो कोण?

एका कारखान्यातल्या लांब टेबलावर, डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईने माझ्या तारा जोडल्या. तिने मला तळहातात मिटून कानाशी धरलं, माझी शिट्टी ऐकली आणि समाधानाने डबीत ठेवलं. हो, मी शिट्टी मारतो. चालू असताना मला हाताने झाकलं, की माझाच आवाज माझ्यात परत शिरतो आणि कुईंऽऽ होतं. त्यात माझा आगाऊपणा नाही, माझी घडणच तशी आहे.

आम्ही जोडीने निघालो होतो, मी उजवा आणि माझा भाऊ डावा. एका मोठ्या इस्पितळात, जिन्याखालच्या छोट्या खोलीत साचेवाले काका बसत. मुलांच्या कानात मऊ लगदा भरून ते साचे काढायचे. तिथे एक पाच वर्षांची मुलगी आली. डोक्यावर नुकतेच उगवलेले, कणसाच्या केसांसारखे केस. स्टुलावर बसवलं की ती स्वतःभोवती गरागरा फिरायची, म्हणून घरात तिचं नाव भिंगरी.

भिंगरीला ऐकू येत नव्हतं असं नाही. जाड आवाज यायचे, बारीक आवाज गळून पडायचे. 'ससा' म्हटलं तर तिला काहीच कळायचं नाही. तीन वर्षांची असताना तिच्या पोटात वाईट गाठ झाली होती. गाठ कापून काढली, मग महिनोन्‌महिने सुईतून जालीम औषधं दिली. त्या औषधांनी जीव वाचवला आणि जाताजाता कानातला बारीक आवाज नेला.

घरी नेल्यावर काय झालं ते ऐका. भिंगरीची आई शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत तिचं मशीन, कापडाचे तागे, खडू, टेप. आई कापड कापायला बसली, तशी भिंगरी ओरडली, "आई, कात्री बोलते!" आईने पुन्हा कात्री चालवली. भिंगरी टाळ्या पिटत फिरायला लागली. त्या दिवशी आईने निम्मं कापड उगाचच कापलं. हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. मित्रांनो, त्या क्षणी मी स्वतःला फार मोठा समजायला लागलो.

आता जे सांगतो ते नीट लक्षात ठेवा. इस्पितळात भिंगरीवर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. आवाज जाड, बोलणं थेट. भिंगरी खाली फरशीवर ठोकळे रचत होती आणि मी तिच्या कानामागून ऐकत होतो. बाई आईला म्हणाल्या, "गाठ गेली. मुलगी बरी आहे. पण औषधं फार कडक होती. कानाचं आत्ता दिसलं. सुईतून दिलेलं ते लाल औषध हृदयावरही परिणाम करतं कधीकधी, आणि ते दिसायला पंधरा-वीस वर्षंही लागतात. सगळ्यांना होत नाही. तरी हिला दर वर्षी तपासायला आणायचं. मोठी झाली की तिला स्वतःला सांगायचं, तुला काय झालं होतं आणि काय दिलं होतं. आणि बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांना आधी हे सांगायचं. विसरायचं नाही."

"नाही विसरणार," आई म्हणाली. आणि ती विसरली नाही, हेच तर दुःख आहे.

काही वर्षं त्या दोघी नेमाने गेल्या. तपासणीच्या बाकावर भिंगरीच्या शेजारी तसल्याच आजारातून उठलेला एक गोलमटोल मुलगा बसायचा. त्याला सगळे 'लाडूराव' म्हणत. त्याची आई आणि भिंगरीची आई डब्यातलं वाटून खायच्या. एका वर्षी लाडूराव आला नाही. त्याची आईही नाही. भिंगरीच्या आईने कुणाला विचारलं नाही. ती रिकाम्या जागेकडे बघत राहिली, मग तिने भिंगरीचा हात धरला आणि नंबर पुकारायच्या आत उठून सरळ घरी आली.

त्यानंतर ती तिथे गेलीच नाही. भिंगरीचे बाबा मालाचा ट्रक चालवायचे, आठवडा आठवडा बाहेर असायचे. ते आले तेव्हा आईने ठणकावून सांगितलं, "यापुढे घरात त्या आजाराचं नाव काढायचं नाही. नाव काढलं की त्याला ऐकू जातं." बाबांनी मान खाली घातली. वर्षभरात त्यांनी घर बदललं. नव्या गल्लीत सगळ्यांना सांगितलं, पोरीला लहानपणी ताप आला, त्यात कान गेले. पोटावरचा व्रण? पू झाला होता. भिंगरीलाही तेच सांगितलं. इतक्या वेळा सांगितलं, की तिला तेच आठवायला लागलं.

आता तुम्ही म्हणाल, काय ही आई! असं म्हणू नका. मी त्या घरात राहिलोय. भिंगरी जराशी शिंकली तरी शिवणाचं मशीन थांबायचं. त्या बाईच्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं. भीतीच्या पोटी माणूस दार लावून घेतो. आत काय कोंडलंय ते मग त्यालाही दिसत नाही.

माझी नोकरी भिंगरी नववीत जाईपर्यंत चालली. पहिल्या बाकावर बसून मी तिला गणितं ऐकवली, मैत्रिणींची कुजबुज ऐकवली. माझा डावा भाऊ शाळेच्या सहलीत नदीत पडला आणि वाहून गेला. मी एकटा पडलो. मग नवी जोडी आली, चकचकीत, बारीक, मिजासखोर. माझी रवानगी शिवणाच्या मशीनच्या खणात, बटणांच्या डबीशेजारी. बॅटरी काढलेली. मित्रांनो, बॅटरी नसली की मला काहीच ऐकू येत नाही. मधली वर्षं कशी गेली ते मला सांगता यायचं नाही.

खण उघडला तेव्हा समोर एक मोठी बाई होती. हनुवटीवरचा तीळ पाहिला आणि माझी खात्री पटली. भिंगरी! नव्या जोडीतलं उजवं मशीन ओढणीसकट धुण्याच्या मशीनमध्ये गेलं होतं आणि दुरुस्तीला पडलं होतं. "आई, हा शेंगदाणा अजून चालतोय का बघू," ती म्हणाली. कानाच्या मशीनच्या दुकानातून नवा साचा, नवी नळी आणली आणि मी पुन्हा कामावर रुजू झालो. डाव्या कानामागे ते मिजासखोर, उजव्या कानामागे मी.

भिंगरी आता बालवाडीत शिकवत होती. लग्न झालं होतं, नवरा बेकरीत कामाला. त्याच इमारतीत ती तिसऱ्या मजल्यावर आणि आई तळमजल्यावर. आणि तिला सातवा महिना होता.

कानामागे बसणाऱ्याला माणसाचा श्वास सगळ्यात जवळून ऐकू येतो. लहानपणी ती धावत जिना चढायची, तो श्वास माझ्या ओळखीचा होता. आताचा श्वास तो नव्हता. पहिल्याच वळणावर ती थांबायची आणि मला नीट करायची. मी नीटच बसलेला असायचो. कुणी येताना दिसलं की हसायची, "हे मशीन ना, सारखं निसटतं." माझ्यावर आळ! पावलं सुजली होती, चपलेचा पट्टा लागत नव्हता. आडवं झालं की धाप लागायची, म्हणून ती उशा रचून बसल्या बसल्या झोपायची.

"होतं गं या दिवसांत," आई म्हणायची. "माझंही असंच झालं होतं." पण हे बोलताना तिची कात्री मधेच थांबायची. ते मला ऐकू येत होतं.

मग दोघी बाळंतपणाच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर तरुण होते, समजूतदार होते. त्यांनी पोट तपासलं, व्रण पाहिला आणि विचारलं, "लहानपणी काही मोठं आजारपण?"

भिंगरीने तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "ताप आला होता. त्यात कान गेले. आणि पोटात पू झाला होता."

"औषधं कुठली दिली होती?"

"आता काय आठवतंय डॉक्टर. इतकी वर्षं झाली."

डॉक्टरांनी मान हलवली, मीठ कमी करायला सांगितलं, धाप वाढली तर लगेच यायला सांगितलं. मी ओरडून सांगितलं असतं हो! पण मला बोलता येत नाही. मी फक्त दुसऱ्यांचं बोलणं पुढे पोचवतो, आणि जे कुणी बोलतच नाही ते मी कुठून पोचवणार?

दुपारी घरी आल्यावर भिंगरी अंघोळीला गेली. तिने मला काढून शिवणाच्या टेबलावर ठेवलं, पण बॅटरीचं झाकण उघडायला विसरली. म्हणजे मी चालूच. आई मशीनपुढे बसली. पायाखाली मशीनचं पेडल होतं, पण हलवलं नाही. मग ती माझ्याकडे वळली.

"तू होतास ना रे तेव्हा," ती मला म्हणाली. "बाई काय म्हणाल्या ते तूही ऐकलंस." मग आवाज अगदी खाली नेऊन, दाराकडे बघत, तिने तो शब्द उच्चारला. "कॅन्सर." इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि ती हमसून हमसून रडायला लागली. "कुठल्या तोंडाने सांगू तिला? म्हणेल, आई, तू माझ्या जिवाशी खेळलीस. आणि खरंच आहे ते. मी नाव नाही काढलं, तरी ते आलंच ना शोधत? आता बाळासकट..." तिने मला मुठीत घट्ट धरलं. मी शिट्टी मारली. मारणारच, हाताने झाकलं की दुसरं मला येतं काय? पण ती एकदम दचकली, जणू कुणी हटकलं.

भिंगरी बाहेर आली. अंघोळीनेच दमली होती. भिंतीला धरत धरत खुर्चीवर टेकली, श्वास जमवला आणि मला डबीत ठेवायला हात पुढे केला. "जरा पडते गं मी."

"नको," आई म्हणाली. "ठेवू नकोस. ते घाल कानात. दोन्ही घाल."

भिंगरीला ऐकू आलं नाही, पण आईचा चेहरा दिसला. तिने मला चढवलं.

"ऐक," आई म्हणाली. "तुला ताप नव्हता आला. तुला कॅन्सर झाला होता."

मग आईने सगळं सांगितलं. गाठ, लाल औषध, डॉक्टरीणबाई, लाडूराव. भिंगरीचा श्वास मला ऐकू येत होता, अडखळणारा, मग एकदम थांबलेला.

"मी व्रणाचं विचारलं होतं तुला," ती म्हणाली. "लग्नाच्या आधी विचारलं होतं. तेव्हाही पू म्हणालीस."

"हो."

"काळीज माझं, आणि मलाच पत्ता नाही? अगं, माझं बाळ आहे आत!"

"मार मला," आई म्हणाली. "हवं तर तोंड बघू नकोस माझं. पण आधी ऊठ, डॉक्टर सहापर्यंत असतात."

डॉक्टरांनी ऐकलं आणि ते उभेच राहिले. "सकाळी का नाही सांगितलंत?"

"घाबरले होते," आई म्हणाली.

त्याच संध्याकाळी हृदयाची तपासणी झाली. भिंगरीचं हृदय निम्म्याच जोराने चालत होतं. तिला मोठ्या इस्पितळात ठेवलं. हृदयाचे डॉक्टर आले, औषधं सुरू झाली. नवरा बेकरीच्या कपड्यांतच धावत आला, हातांना पीठ. सगळ्यांची पाचावर धारण बसली होती. दिवस भरायच्या आधीच बाळाला बाहेर काढावं लागलं. शस्त्रक्रियेच्या वेळी नर्स मला काढायला आली, तर डॉक्टर म्हणाले, "राहू दे, तिला ऐकू यायला हवं."

म्हणून तो आवाज मला मिळाला, मित्रांनो. पाव किलोच्या मांजराच्या पिल्लासारखं रडणं, इतकं बारीक, की मी नसतो तर ते तिच्यापर्यंत पोचलंच नसतं. भिंगरीच्या डोळ्यातलं पाणी ओघळून माझ्यात शिरलं. ओल मला सोसत नाही. त्या दिवशी मी तक्रार केली नाही.

मायलेकी वाचल्या. पण खोटं कशाला बोलू, सगळं पूर्वीसारखं झालं नाही. हृदय सावरलं ते अर्धंमुर्धं. रोज गोळ्या आहेत. बालवाडीतल्या मुलांमागे ती आता धावत नाही, बसून गोष्टी सांगते. डॉक्टर म्हणाले, आधीपासून तपासण्या झाल्या असत्या, तर औषधं वेळेवर लागली असती आणि हृदय इतकं दमलं नसतं. आई ते ऐकत उभी होती. भिंगरी कितीतरी दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलली. मग एके दिवशी तिने बाळाला आईच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "हिला मात्र सगळं खरं सांगायचं."

आता मी पुन्हा खणात असतो. पण वर्षातून एकदा, हृदयाच्या तपासणीच्या दिवशी, भिंगरी नवं मशीन काढून मला लावते. का, ते तिने कधी सांगितलं नाही.

मित्रांनो, लहानपणी मोठ्या आजारातून उठलेलं कुणी तुमच्या घरात असेल, शाळेत असेल, कदाचित तुम्ही स्वतःच असाल. तर आपल्याला काय झालं होतं, काय दिलं होतं, हे विचारा. मोठ्यांना टाळू देऊ नका. बरं झालेल्या शरीराची वर्षानुवर्षं खबर घ्यावी लागते. आणि मला हाताळताना ओले हात लावू नका, हेही जाताजाता सांगतो.

परवाच ती तपासणी होती. भिंगरी तिसऱ्या मजल्यावर मला कानामागे बसवत होती. तेवढ्यात तळमजल्यावरून, सगळ्या शेजाऱ्यांची दारं उघडी असताना, आईची खणखणीत हाक जिन्यातून वर आली.

"अगं भिंगरी, कॅन्सरनंतरच्या तपासणीला जायचंय ना? चल लवकर, मी कधीची तयार होऊन उभी आहे!"