शून्य चोऱ्यांची कॉलनी

दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या दीपज्योत नगरात पाय ठेवायला जागा नसायची. मैदानावर मांडव, मांडवात बंधननाथ महाराज, महाराजांच्या डाव्या हाताला कुलपांचा ढीग आणि उजव्या हाताला भला मोठा पडदा. हो, पडदा! आमचे महाराज जुन्या वळणाचे नव्हते. ते हवेतून अंगारा काढत नसत. ते आकडे काढत.

"पाहा भक्तांनो!" महाराज बोट नाचवायचे आणि शिष्य लॅपटॉपची कळ दाबायचा. "ही पोलिसांची वेबसाइट. नोंदलेला प्रत्येक गुन्हा इथे कोणालाही घरबसल्या दिसतो. दिवाळीआधी तुमच्या कॉलनीत घरफोड्या केवढ्या? हे एवढाले खांब! मग मी चार कोपऱ्यांना चार मंतरलेले खिळे ठोकून कॉलनीला कवच घातलं. आणि आता?"

पडद्यावरचे खांब बुटके होत होत जमिनीला टेकायचे. शेवटी उरायचं गरगरीत लाल शून्य.

"हे मी म्हणत नाही. सरकार म्हणतं!"

"ओ माय, बठ्ठं खरं शे!" पहिल्या रांगेतल्या धुरपदाबाई सगळं खरं असल्याची अहिराणीत ग्वाही देत हात जोडायच्या, आणि मांडव जयजयकाराने दणाणायचा.

कवचाची पथ्यं दोनच होती. पहिलं म्हणजे दाराला कुलूप लावायचं नाही. "कुलूप म्हणजे अविश्वासाचं लोखंड! आणा इकडे!" लोक आणत आणि ढिगावर टाकत. दुसरं पथ्य, चोरीची वाच्यता करायची नाही आणि पोलीस ठाण्याची पायरी चढायची नाही. तक्रार झाली की कवचाला तडा गेला. हे सगळं लाउडस्पीकरवरून, पार हायवेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. सोन्यासाठी नावाजलेल्या जळगावात एक अख्खी कॉलनी दाराला नुसती कडी लावून गुरुवारच्या आरतीला जाऊ लागली. मी माझं कुलूप दिलं नाही, तर शेजारचे झुलालभाऊ मला म्हणाले, "तुमच्यामुळे आमच्यावर संकट येईल बरं का!"

माझ्या समोरच्या घरात प्राची राहते. शाळेत गणित शिकवते. तिच्या भिंतीला लागून सुनंदाबाईंचं घर. त्यांचा मुलगा हितेंद्र आणि सून कामिनी. कामिनी पारोळ्याची, हसरी पोर. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

एके दिवशी सुनंदाबाईंच्या कपाटातून पाटल्या गेल्या. त्यांनी घर उलथंपालथं केलं आणि शेवटी गुपचूप महाराजांकडे धाव घेतली. महाराजांनी डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणाले, "माई, बाहेरचा चोर कवच ओलांडूच शकत नाही. मग चोर कुठला?"

"कुठला, महाराज?"

"घरातला! नवं माणूस कोण आलंय घरात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राची शाळेत निघाली, तर कामिनी ओट्यावर बॅग घेऊन बसलेली. डोळे सुजलेले.

"काय गं, माहेरी?"

"पाठवतायत, ताई. पाटल्या परत आणल्याशिवाय यायचं नाही म्हणे." कामिनीने बॅग जवळ ओढली. "माझी गादीसुद्धा उसवून पाहिली. आणि हे नुसते उभे होते."

"पोलिसांत सांगितलं का?"

"कवच तुटेल ना! आणि सून चोर निघाली हे कुठल्या तोंडाने सांगतील?"

हितेंद्रने खाली मान घालून मोटारसायकल काढली. कामिनी मागे बसून गेली.

संध्याकाळी प्राची आमच्याकडे आली ती येरझाऱ्या घालतच. "काका, धुरपदाबाईंचा भाचा त्यांच्याकडे राहून शिकत होता. एकदम गावी का पाठवला?"

"अभ्यास करत नव्हता म्हणाल्या."

"पहिल्या नंबरात होता! झुलालभाऊंनी जुन्या मोलकरणीला एका दिवसात काढलं. आता कामिनी. या कॉलनीतून चोऱ्या कमी होत नाहीयेत, माणसं कमी होतायत!"

मला आधी कळलंच नाही. मग गेलेली माणसं बोटांवर मोजली: प्रत्येकामागे एक लपवलेली चोरी असणार.

पुढच्या गुरुवारी मांडवात नेहमीप्रमाणे 'अनुभव' सुरू झाले. भक्ताने माइक घ्यायचा आणि महाराजांची थोरवी सांगायची. प्राची रांगेत उभी राहिली. गणिताच्या बाईंनाही प्रचिती आली म्हणून महाराज खुलले. "या, या! आकड्यांची माणसं आमच्या फार जवळची."

"मला एक प्रयोग करायचाय, महाराज," प्राची म्हणाली. "मंडळी, सगळ्यांनी डोळे मिटा. घट्ट. कोणी कोणाकडे बघायचं नाही."

महाराजांना वाटलं ध्यान लावतेय. त्यांनीही मिटले.

"दिवाळीनंतर ज्यांच्या घरातून काही गेलंय, त्यांनी हात वर करा. बोलायचं नाही. मी कोणाचं नाव घेणार नाही."

मी डोळे मिटून होतो. पण बांगड्यांचा किणकिणाट ऐकू येत होता. आधी एका कोपऱ्यातून, मग दुसऱ्या, मग चहूकडून.

प्राचीलाही एवढ्याची कल्पना नसावी. आणि धुरपदाबाईंना काही धीर धरवला नाही. त्यांनी डोळे उघडले, मागे वळून पाहिलं आणि किंचाळल्या, "ओ माय वं! इतला हात!"

झालं! सगळ्यांचे डोळे उघडले. निम्म्या मांडवाचे हात वर होते. झुलालभाऊंचा होता. सुनंदाबाईंचाही होता, आणि त्या वेड्यासारख्या आजूबाजूला बघत होत्या.

"मनी सोनानी पोत गयी व्हती," धुरपदाबाई रडायलाच लागल्या. "माले वाटनं, भाचानीच लिधी. पोरगं पाया पडे, 'मी नही, मावशी' म्हने. मी आयकं नही."

महाराज सावरले. "शांत व्हा! ही या बाईच्या शंकेची बाधा आहे! तुमच्या घरातल्याच कोणीतरी..."

"सगळ्यांच्याच घरातली माणसं एकदम चोर झाली का?" सुनंदाबाई उठून उभ्या राहिल्या. एरवी चारचौघांत त्यांचा आवाज कुणी ऐकलेला नव्हता. "आणि इतक्या चोऱ्या झाल्या, तर मग ते शून्य कसलं?"

महाराजांनी शिष्याकडे पाहिलं. शिष्याने लॅपटॉपकडे.

उत्तर प्राचीने दिलं. "शून्य खरंच आहे, काकू. पोलिसांनीही खोटं लिहिलेलं नाही. पण तिथे झालेल्या चोऱ्या मोजत नाहीत, नोंदलेल्या चोऱ्या मोजतात. आपण तक्रारच केली नाही. शाळेने परीक्षाच घेतली नाही, तर एकही मुलगा नापास होत नाही. म्हणून काय सगळे हुशार झाले? महाराजांनी चोर थांबवले नाहीत, आपली तोंडं बंद केली. घरातल्याच माणसावर संशय घ्यायला लावला, म्हणजे लाजेने कोणी शेजाऱ्यालाही सांगायचं नाही. खिळ्यांनी काही केलं नाही. जे केलं ते आपल्या गप्प बसण्याने."

महाराजांना अचानक दुसरीकडचा कार्यक्रम आठवला. पण मांडवाच्या तोंडाशी झुलालभाऊ आडवे उभे राहिले. "थांबा महाराज. मी फोन केलाय, पोलीस येतायत. तुमचाही अनुभव सांगा त्यांना."

सुनंदाबाई दुसऱ्याच दिवशी बसने पारोळ्याला गेल्या, हितेंद्रला घेऊन. काय बोलणं झालं ते मला प्राचीकडून कळलं. सुनंदाबाई म्हणाल्या, "चल बाई घरी. चुकलं माझं." कामिनी दारातच उभी राहिली. म्हणाली, "आधी पोलीस ठाण्यात जाऊ. पाटल्या गेल्याची तक्रार मी देणार, माझ्या नावाने. मग घरी." आणि नवऱ्याकडे वळून, "त्या दिवशी गप्प बसलात. आज तरी सोबत या." हितेंद्र गेला. तासभर बाकावर बसून राहिला तिच्या शेजारी.

त्यानंतर ठाण्यात आमच्या कॉलनीची रीघ लागली. एकेकाची तक्रार वाचताना फौजदारांच्याच लक्षात आलं, की सगळ्या चोऱ्या गुरुवारच्या, आरतीच्या वेळच्या. दोघे जण पकडले गेले. महाराजांशी त्यांचा काही संबंध नव्हता. कबुलीत एकाने सांगितलं, "साहेब, हायवेवरून जाताना स्पीकरवर ऐकलं, कुलपं लावू नका म्हणत होते. आम्ही आलो." महाराजांवर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. धुरपदाबाईंचा भाचा मात्र परत आला नाही. त्या दोनदा गावी जाऊन आल्या, तो भेटलाच नाही. काही चोऱ्यांची भरपाई अशी होत नाही.

गंमत पुढेच आहे. त्या महिन्यात वेबसाइटवर आमच्या कॉलनीचा खांब आभाळाला भिडला, आणि एका वर्तमानपत्राने छापलं, 'दीपज्योत नगरात चोरांचा सुळसुळाट'. प्रत्यक्षात त्या महिन्यात एकही चोरी झाली नव्हती! जुन्याच तक्रारी तेवढ्या नव्याने नोंदल्या होत्या.

धुळ्याच्या एका वस्तीतल्या बायकांनी आमची हकीकत ऐकून प्राचीला बोलावलं. त्यांच्याकडेही कोणी नवे महाराज आलेखासकट अवतरले होते. प्राची कामिनीला सोबत घेऊन गेली आणि माइक तिच्याच हातात दिला. कामिनी आधी अडखळली, मग बोलली.

"मी काही शिकलेली बाई नाही गणितातली. एवढंच सांगते. कोणी आकडा दाखवला की हात जोडू नका. विचारा, हे मोजलं कोणी? नेमकं काय मोजलं? आणि कोणाला बोलू दिलं नाही? आकडा शून्य होता तेव्हा मी माहेरच्या ओसरीत रडत होते. त्या शून्यात मी कुठेच नव्हते."

मागच्या रांगेतली एक म्हातारी हळूच उठली. म्हणाली, "पोरी, मनंबी काही सांगानं शे."

"सांगा ना, आजी," कामिनी म्हणाली, आणि माइक घेऊन तिच्याकडे निघाली.