निखाऱ्यावरची साखर

त्या शनिवारी कागलजवळच्या गुऱ्हाळावर गूळ कमी आणि गर्दी जास्त होती. चुलवाणातले निखारे ओढून अंगणात पसरले होते. पलीकडे लाल शाल पांघरून अंगारबाबा बसला होता. शुगरचा आजार हा बाबा पायांतून काढतो, अशी त्याची ख्याती.

"साखर जड असती. खाली उतरून तळव्यात साठती," बाबा सांगत होता. "निखारा तिला जाळतो. ज्याची जळली, त्याला चटका बसत न्हाय."

माणसं माना डोलवत होती. त्यांत माझ्याकडे शाळेत शरीरशास्त्र शिकलेलीही होती, म्हणजे माझी नोकरी पाण्यातच गेली.

बाबा कुणालाही निखाऱ्यावर सोडत नसे. आधी डोळे मिटायला लावून तळव्यावरून मोरपीस फिरवायचा. गुदगुल्या झाल्या की, "पाप शिल्लक हाय, पुढच्या शनवारी या." ज्याला पीस कळलंच नाही, तो निवडलेला.

माझा मित्र आकाराम निवडला गेला. तालमीतला जुना गडी, पण पथ्यापुढं हरलेला. "बिनसाखरेचा च्या, बिनचवीचं जेवाण. ह्ये काय जगणं हाय?" असं म्हणायचा. ते खोटं नव्हतं, म्हणून तर बाबाचं फावलं. दोनच दिवसांआधी तर एका पायातली चप्पल वाटेत निसटली आणि हा तसाच पारापर्यंत चालत आला. आम्ही पोट धरून हसलो होतो.

त्या शनिवारी तो निखाऱ्यांवर मध्येच थांबला आणि मिशीला पीळ भरला. "कुठं हाय चटका?" लोकांनी बाबाचा जयजयकार केला. आकारामनं खिशातल्या गोळ्या विस्तवात फेकल्या, आणि बाहेर येताच चेल्यानं त्याच्या हातात काकवीचा पेला दिला.

कागलच्या डॉक्टर दीक्षाला मी आधीच फोन करून पीस, चप्पल सगळं सांगितलं होतं. ती पोचली आणि तिनं पेला काढून घेतला.

"मामा, बसा. पाय दाखवा."

"पाय झ्याक हाय की."

तिनं पाय वर धरला. तळवा फोडांनी भरला होता आणि बोटांत अडकलेला निखारा अजून धुमसत होता. आकाराम शांत बसून होता. त्याची बायको बायडाबाई मात्र ते बघून पाण्याची कळशी आणायला धावली.

"आता तुम्ही चाला, बाबा," निखारा झटकत दीक्षा म्हणाली.

"मला साखर न्हाय."

"म्हणूनच म्हणते. तुमच्या पायात जाळायला काही नाही, मग भीती कसली?"

"चला की महाराज, लाजताय कशाला?" मागून कुणीतरी ओरडलं. नाइलाजानं महाराजांनी अंगठा टेकवला, आईच्या नावानं बोंबलले आणि शाल टाकून शेजारच्या उसात घुसले.

"म्हंजे माझी साखर गेल्याली न्हाय?" आकारामनं विचारलं.

"साखर तिथंच आहे, मामा. तिनं पायाच्या नसा मारल्यात. म्हणून पीस कळलं नाही, चप्पल निसटलेली कळली नाही, निखाराही कळला नाही. बधिर पाय मीही असेच तपासून शोधते, पण जपण्यासाठी. हा भामटा तेच पाय हुडकून विस्तवात घालत होता."

आकारामनं दुसरा पायही तिच्यापुढं केला.

त्याची दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला. आता रोज संध्याकाळी बायडाबाई त्याचा पाय मांडीवर घेऊन तळवा न्याहाळते, आणि हा गडी ओशाळून गोळी गिळतो.

बाबांनो, चटका बसतो म्हणून माणूस पाय मागं घेतो. ज्याला तो बसेनासा झाला, त्याच्यावर कुणाची कृपा झालेली नाही, त्याचा पाय हातचा चालला आहे. बुवाच्या पाया पडण्याआधी एकदा स्वतःच्या पायाकडे बघा.