मास्तर चुकले ती दुपार

मास्तरांना विद्यापीठात न्यायचं या एका वेडापायी प्राध्यापकाने जिवाचं रान केलं होतं. मास्तर म्हणजे त्याचे गुरू. लोक त्यांच्या पाया पडायला यायचे आणि मास्तर त्यांच्याशीच वाद घालत बसायचे. ते गेले आणि मागे उरली भक्तांनी छापलेली सुविचारांची पुस्तकं. तत्त्वज्ञान विभागात त्यांचं नाव काढलं की लोक गालातल्या गालात हसायचे.

"वाक्यं छान आहेत हो, कॅलेंडरवर शोभतील," विभागप्रमुख बाई म्हणाल्या. "पण युक्तिवाद कुठंय? उद्याच्या बैठकीत मूळ पुरावा आणा, अभ्यासक्रमात घेऊ. नाहीतर हा विषय कायमचा बंद." बाईंचं काही चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत!

पुरावा होता. त्याच्यासमोर घडला होता. एका दुपारी एका औषधविक्याने मास्तरांना अडवलं. मनाकडे पाहणारा मनाहून वेगळा म्हणता, मग त्या पाहणाऱ्याकडे कोण पाहतं? मास्तर अडले. खोकले. मग म्हणाले, "चुकलंच की माझं. काल सांगितलं ते सोडा." आणि सगळ्यांदेखत त्यांनी आपली मांडणी मोडून पुन्हा उभी केली. कुठलाही विभाग डोक्यावर घेईल अशी दुपार. आणि तिथंच बसलेल्या त्याच्या आत्याच्या, मास्तरांच्या जुन्या भक्ताच्या, मांडीवर टेपरेकॉर्डर चालू होता.

तो तडक आत्याकडे गेला. आत्या हरखली. "अखेर बोलावलं ना आपल्या मास्तरांना!" म्हणत तिने टेप लावली. स्वच्छ, संथ आवाज आला, "पाहणं आहे. पाहणारा नाही." संपलं.

"आणि त्याच्या आधीचं?"

"तो खोकला? त्या औषधवाल्याची वटवट? काढलं सगळं. आम्ही तिघी सेवेकरणी कितीतरी महिने टेप कानाला लावून बसलो होतो. कुणाला वाटायचं, मास्तरांना उत्तर येत नव्हतं!"

"मूळ टेप कुठंय?"

"साफ केलेलं दुसरीवर घेतलं, आणि जुनीवर त्याचीच प्रत काढली. भक्तांना वाटायला प्रती लागायच्या ना रे."

म्हणजे ती दुपार दोन्ही टेपांवरून पुसली गेली होती. "आत्या, मारलंस तू त्यांना!" तो ओरडला. जन्मात कधी तो तिच्यावर ओरडला नव्हता. आत्या टेपच्या डबीवरची धूळ पुसत राहिली.

"मी सेवाच केली रे," ती हळूच म्हणाली. "काढलं असेल, पण माझ्या पदरचा एक शब्द घातला नाही."

दुसऱ्या दिवशी बैठकीत तो रिकाम्या हाताने उभा राहिला आणि ती दुपार आठवणीतून सांगू लागला. पाहणारा वेगळा धरला की त्याला पाहणारा आणखी एक लागतो, त्यालाही आणखी एक, याला अंतच नाही. म्हणजे वेगळा धरणंच चुकलं. पायरीवर पायरी, कुठं अडखळणं नाही. घड्याळाकडे बघणारे सदस्य सावरून बसले. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"पक्कं आहे हे. तुमच्या नावाने उद्या घेऊ अभ्यासक्रमात."

"माझं नाही. मास्तरांचं आहे."

"बरं. मग त्यांनी याच क्रमाने मांडलं होतं? असंच म्हणाले होते?"

त्याने तोंड उघडलं. मास्तरांचा आवाज आठवायला गेला तर कानात त्याचाच आवाज आला, वर्गातला, खडूच्या धुळीतला. वर्षानुवर्षं मुलांना सांगताना एखादी पायरी गळली होती. कुठं मुलांना पटेना म्हणून त्याने नवी घातली होती, उदाहरण बदललं होतं, चांगल्याच हेतूने. मास्तर कुठे अडले, कशावरून वळले? काहीच आठवेना. सगळं कोरं. आत्याने निदान पदरचं काही घातलं नव्हतं.

त्यांचं म्हणून जगाला दाखवता येईल असं एक वाक्यसुद्धा आता त्याच्यापाशी नव्हतं.

"नाही सांगता येणार," तो म्हणाला.

बाईंना वाईट वाटलं असावं. मग त्यांनी विषयावर रेघ मारली आणि ग्रंथालयाच्या बंद पंख्यांचा विषय घेतला.