पाय तेवढे येऊ द्या

आमचे हे, पुंजाराम, उभी हयात पाणाड्या होते. खर्ड्याच्या आसपास तळहातावर नारळ घेऊन अनवाणी फिरायचे. नारळ उभा राहिला की म्हणायचे, "हितं खांदा." लोक खांदायचे आणि पाण्याऐवजी फुफाटा निघायचा. शेवटी कुणी बोलावीना. तेवढ्यात नगरला दिलेल्या लेकीने, धनश्रीने, तिचा जुना कॅमेरा पाठवला. हे म्हणाले, आता आपण फोटोग्राफर.

पण हाताचं वळण जाईना. कॅमेराही नारळासारखा तळहातावर ठेवून चालायचे. तो कलंडेल तिथंच माणूस उभा करायचा. गावातल्या सविताच्या लग्नात नवरानवरीला स्टेजवरून उतरवून उकिरड्यापाशी नेलं.

"आजोबा, मागं शेण दिसतंय," नवरी म्हणाली.

"दिसू दे. कॅमेऱ्याला हीच जागा पसंत हाय."

वरात गेल्यावर सविताच्या बापाने पत्रावळी पुरायला नेमका तिथं खड्डा घेतला. कमरेइतक्या खोलीवर पाणी लागलं.

तेव्हापासून बोलावणी थांबेनात. फोटो मात्र कुणालाच नको. "बाबा, पाय तेवढे येऊ द्या, तोंड नसलं तरी चालंल." पाय कुठं होते ते बघायचं आणि तिथं पहार मारायची. हे चिडायचे. "अरे, तोंडावरचा उजेड बघा की." कोण बघतो?

मला मात्र तोंडाचाच फोटो हवा होता. आधार कार्डावर एक आहे, पण त्यातली बाई मला ओळख देत नाही. मी नवं लुगडं नेसून ओट्यावर बसले. यांनी कॅमेरा तळहातावर घेतला. तो ढिम्म.

"दाबा की बटन."

"कॅमेरा न्हाई म्हनतोय. आपलं घर खडकावर हाय, पुष्पे."

"मंग मी काय आड हाय का? बाई हाय."

"धंद्याला नियम असतो."

मी यांचा चहा बंद केला. नियम हलला नाही.

मग मी कांद्याची पाटी ओट्यावर ओढली आणि नाकाजवळ धरून कांदे चिरायला बसले. धारा लागल्या. हे समोरून कॅमेरा घेऊन चालले होते. तो असा कलंडला की खालीच पडायचा. यांनी झेलला आणि बटण दाबलं.

धनश्रीने फोटो मोठा करून पाठवला. डोळे सुजलेले, नाक लाल, हातात सुरी. पण मीच होते. तो आतल्या भिंतीवर लावला.

दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर बसले होते, तर धाकटे दीर रंभाजी पहार घेऊन हजर.

"वैनी, जरा उठता का? फोटोत हितंच बसला हुता."

"आधी आत जाऊन फोटो बघा, भावजी. बसलेली जागा न्हाई, तोंड बघा."

ते आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा टोपी नीट करत होते.

"तोंड लई चांगलं आलंय, वैनी," ते म्हणाले. "आता सरका."